सात नंबरचा विजय

"आठवा लेट मार्क," साहेबांनी हजेरीपटावर बोट आपटलं. "दहावा पडला की तुमचं टेबल उचलून गोदामात. पुठ्ठ्यांवर लेबलं चिकटवायला तिथे माणूस हवाच आहे."

समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाला छापखान्यात सगळे 'प्रूफवाले' म्हणत. बावीस वर्षं प्रुफं तपासत त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या आणि आता दुसऱ्याच्याच चुकीपायी त्यांच्यावर गोदामाची पाळी आली होती. दोष सात नंबरच्या बसचा होता. स्टॉपवरच्या पाटीप्रमाणे ती आठ चाळीसला यायची. प्रत्यक्षात नऊला आली तरी लोक एकमेकांचं अभिनंदन करत.

शेवटी प्रूफवाल्यांनी प्रवासी संघ काढला. पहिली बैठक कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये झाली आणि अध्यक्षपद सलूनवाल्याकडे गेलं, कारण खुर्च्या त्याच्या होत्या. तीनशे बारा सह्यांचा अर्ज घेऊन प्रूफवाले परिवहन कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्याने सह्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सह्या काय हो, कुणीही करतं. आम्हाला आकडे लागतात. सोमवारी सकाळच्या फेरीला आमचा माणूस येईल. बस भरलेली दिसली तर गाड्या वाढवू."

"आणि नाही दिसली तर?"

"तर आहे तीही बंद."

बसची वाट बघून कंटाळलेली निम्मी वस्ती केव्हाच स्कूटरवर गेली होती. सोमवारी बस अर्धी रिकामी दिसली तर संपलंच सगळं. रविवारी त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"नीट ऐका. उद्या सगळ्यांनी मागे चालत जाऊन पहिल्या स्टॉपवर चढायचं आणि थेट शेवटच्या स्टॉपवर उतरायचं. मधे कुणी जागचं हलायचं नाही. तो माणूस कधीही बघो, बस गच्च दिसली पाहिजे."

"अहो, पण माझा दवाखाना मधेच आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"मग शेवटच्या स्टॉपवरून परत चालत या."

"एवढं लांब?"

"चळवळ आहे बाई, सहल नाही."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, पुस्तकातल्या चुका काढता तेवढं पुरे नाही का? आता नव्या कशाला करताय?"

सासूबाई मात्र एका पायावर तयार झाल्या. "मी येते, जावईबापू. पण मला खिडकी पाहिजे."

सोमवारी बस पहिल्याच स्टॉपवर तुडुंब भरली. प्रत्येकाने दीर, जावा, भाचे असे मिळतील ते नातेवाईक ओढून आणले होते. सलूनवाल्याने तर दोन गिऱ्हाइकं तशीच उठवून आणली होती; त्यातल्या एकाची अर्धी दाढी व्हायची होती. परिवहनचा माणूस वही उघडून एकेकाला विचारू लागला. "कुठे चढलात? कुठे उतरणार?" सगळ्यांचं उत्तर एकच आणि तेही शाळेत पाढे म्हणावेत तसं एका सुरात. कंडक्टर बिचारा चक्रावून गेला.

"प्रूफवाले, तुमचा छापखाना मागे गेला की!"

"जाऊ दे."

तेवढ्यात एक आजोबा दांड्याला धरून उठले. ते संघाचे नव्हते, त्यांना या बेताची काही कल्पना नव्हती. त्यांना खरोखरच मधे उतरायचं होतं. नर्सबाईंनी त्यांना खांद्याला धरून परत खाली बसवलं.

"आजोबा, आज नाही."

शेवटच्या स्टॉपवरून छापखान्यापर्यंत पायपीट करता करता नववा लेट मार्क पडला. प्रूफवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. दहावा टाळायला ते पंधरवडाभर शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले, आणि मग अधिकाऱ्याचा फोन आला.

"अभिनंदन! मागणी मंजूर. सोमवारपासून एक नाही, दोन गाड्या वाढवल्यात. वेळ सेकंदाला पक्की. आणि आकडे बघून एक सुधारणा आम्ही आमच्या मनाने केलीय."

वस्तीत आनंदीआनंद झाला. सलूनवाल्याने आठवडाभर दाढी फुकट जाहीर केली.

सोमवारी प्रूफवाले इस्त्रीचा शर्ट घालून स्टॉपवर उभे राहिले. बरोबर आठ चाळीसला नवी कोरी, चकचकीत सात नंबर आली. प्रूफवाल्यांनी हात केला. बस त्यांच्या नाकासमोरून सुसाट निघून गेली. मागच्या काचेवर 'जलद' असं लिहिलं होतं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

त्यांनी तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावला.

"अहो, बस थांबली नाही!"

"थांबेल कशाला? आमच्या नोंदीप्रमाणे शंभर टक्के प्रवासी पहिल्या स्टॉपवर चढतात आणि शेवटच्या स्टॉपवर उतरतात. मधे कुणी चढत नाही की उतरत नाही. मधले अकराच्या अकरा स्टॉप काढून टाकले."

"पण ते... तो एकच दिवस..."

"म्हणजे आकडे खोटे होते?" अधिकाऱ्याचा आवाज एकदम बदलला. "तसं लिहून देता? मग तिन्ही गाड्या आजच बंद करतो."

प्रूफवाल्यांनी फोन ठेवला. मनातल्या मनात त्यांनी त्या अधिकाऱ्याला, त्याच्या वहीला आणि सर्वांत जास्त स्वतःला शिव्या घातल्या. दहावा लेट मार्क समोर उभा होता. त्यांनी विजार घोट्याच्या वर दुमडली आणि छापखान्याची वाट धरली. निम्मी वाट ते चालले, निम्मी चक्क पळाले.

छापखान्याच्या दारात साहेब उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मग प्रूफवाल्यांना बघितलं, मग परत घड्याळ.

"आठ मिनिटं आधी? तुम्ही? बस सुधारली म्हणायची!"

"हो, साहेब."

"घाम बराच आलाय."

"गर्दी असते, साहेब."

"वा! मानलं बुवा तुम्हाला." साहेबांनी त्यांना आत नेऊन स्वतः खुर्ची पुढे केली, हे बावीस वर्षांत प्रथमच घडत होतं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक काम होतं तुमच्याकडे. मी नऊ नंबरने येतो. तिचाही काही भरवसा नाही हो, तासभर आधी निघावं लागतं घरातून. तिच्यासाठीही तुमच्या संघाने काही केलं तर..."

प्रूफवाल्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना मनापासून बरं वाटलं.

"अगदी नक्की करू, साहेब," ते म्हणाले. "आजच बैठक बोलावतो."