चिंगीची चौकशी

आक्कांच्या चिंगीची पाठ खाजली आणि फाट्यावरची एस.टी.ची शेड कोसळली. घडलं ते एवढंच. चिंगी ही म्हैस. तिनं खांबाला पाठ लावली, घासली, पुन्हा घासायला गेली तर खांब जागेवर नव्हता. अर्धा पत्रा खाली आला. चिंगीला ओरखडाही उठला नाही. ती रवंथ करत बाजूला झाली आणि दुसऱ्या खांबाकडं बघायला लागली, तेव्हा लोकांनी तिला आवरलं.

शेड कोरी करकरीत होती. उद्घाटनाचा हार अजून लोंबत होता. ठेकेदार सयाजीरावांनी तिथंच जाहीर केलं, "खांब चांगलाच हुता. म्हसच आडदांड हाय. भरपाई आक्काकडनं घ्या."

आक्कांचं घर चिंगीच्या दुधावर चालायचं. भरपाई भरायची तर चिंगीच विकायला लागली असती. "माझी चिंगी गरीब गायीगत हाय," त्या म्हणाल्या. "तिला नावं ठेवायच्या आदी खांबात शिमिट हाय का बघा की."

गावात बोंब झाली, गारगोटीच्या बाजारात चर्चा झाली, कोल्हापूरच्या पेपरात फोटो आला. मग शासनानं चौकशी समिती नेमली. अध्यक्ष हंबीरराव, निवृत्त अधिकारी, सदस्यही तेच. घरी बसून माणूस कंटाळून गेला होता. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला : पडलेला खांब, उभे खांब आणि म्हैस हे सगळे पुरावे आहेत. चौकशी संपेपर्यंत काहीही जागेवरून हलवायचं नाही.

झालं, चिंगी फाट्यावरच्या जांभळीखाली बांधली गेली. पुराव्याला उपाशी कसं ठेवणार? म्हणून चौकशीच्या निधीतून चारा आला. पुराव्यावर ऊन येतं म्हणून मांडव आला, मांडवाला राखणदार आला, अध्यक्षांना बसायला भाड्याच्या खुर्च्या आल्या. खांबाचं सिमेंट प्रयोगशाळेत पाठवायचं तेवढं राहिलं, कारण निधी चाऱ्यात संपला. हंबीररावांनी वाढीव निधी मागितला. तो आला, चिंगीनं तोही खाल्ला. ती अंगानं अशी भरली की आरोपी कसली, लग्नाची नवरी दिसायला लागली.

"सायेब, म्हस कवा सोडताय?" आक्का रोज विचारायच्या.

"निधी आला की तपासणी, तपासणी झाली की निकाल," हंबीरराव चहा घेत म्हणायचे. "घाई करू नका, आक्का."

पुन्हा मागणी गेली तेव्हा मात्र निधीच्या ऐवजी कोल्हापुरातून लेखाधिकारी तोहिद मुजावर आले. सडपातळ, इस्त्रीचे कपडे, आणि इतके सरळ की सरकारी पेन घरी नेत नसत. त्यांनी मांडव पाहिला, चिंगी पाहिली.

"हिचा चारा कुणाचा?"

"शासनाचा," हंबीरराव म्हणाले.

"मग दूध कुणाचं?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझंच की," आक्का म्हणाल्या. "म्हस माझी हाय."

"चारा शासनाचा, तर दूध शासनाला जमा व्हायला पाहिजे होतं."

"आन् शेण?"

"शेणही."

"मग आत्ताच न्ह्या की. कशात घालू?"

तोहिदसाहेबांनी विषय बदलला. "हा चहा कुठला?"

"चिंगीच्याच दुधाचा," हंबीरराव कौतुकानं म्हणाले. "आक्काकडनंच विकत घेतो. एकदम दाट."

"म्हणजे शासनाचं दूध तुम्ही शासनाच्याच पैशानं विकत घेतलं."

हंबीररावांनी कप हळूच खाली ठेवला.

"निधी बंद," तोहिदसाहेब म्हणाले. "चौकशी आजच संपवा. हातात जे जबाब आहेत त्यावर निकाल लिहू."

हातात लेखी जबाब एकच होता, सयाजीरावांचा. सयाजीरावांनी खुशीत येऊन पेढे आणायला माणूस पाठवला. आक्का चिंगीजवळ गेल्या आणि नुसत्या तिच्या गळ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"बसा की साहेब, बसून लिहा," हंबीररावांनी खुर्ची पुढं केली.

"या खुर्च्यांचं भाडं मी नामंजूर केलंय. त्यावर बसणं मला शोभत नाही." तोहिदसाहेबांनी कागद पॅडला लावला, उरलेल्या शेडच्या खांबाला पाठ टेकली आणि लिहायला लागले. 'सदर म्हशीने' एवढं लिहून झालं असेल नसेल, खांब मागच्या मागं आडवा झाला. पाठोपाठ पत्राही पलीकडं पडला. धुरळा बसला तेव्हा साहेब जमिनीवर होते, डोक्यापासून बुटापर्यंत पांढरे.

"खांब चांगलाच हुता," सयाजीराव सवयीनं म्हणाले. "सायबांनीच जोर लावला."

सगळे साहेबांकडं बघायला लागले.

"मुजावरसाहेब," हंबीरराव घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे आता तुम्हीपण पुरावा. चौकशी संपेपर्यंत इथून हलायचं नाही."

"चिंगीच्या शेजारी सावली हाय," आक्कांनी सोय केली. "पर बांधू नगासा. सायेब गरीब हाईत."

"आणि यांच्या जेवणाचा खर्च?" हंबीररावांनी विचारलं.

"निधी तर मी आत्ताच बंद केला," तोहिदसाहेब पुटपुटले. मग त्यांनी नवा कागद घेतला आणि भराभर लिहिलं : 'खांब मुळातच पोकळ होता. टेकणाऱ्याचा काडीचाही दोष नाही. नुकसान ठेकेदाराकडून वसूल करावे.' हंबीररावांनी खाली सही ठोकली. सयाजीरावांनी पेढेवाल्या माणसाला फोन करून परत बोलावलं.

आक्कांनी निकाल मोठ्यानं वाचायला लावला. "टेकणारा म्हंजे कोण?"

"मी."

"मग माझी चिंगी कुटं हाय ह्यात?"

साहेबांनी 'टेकणारे' म्हणून आपलं नाव लिहिलं आणि त्याखाली 'आणि चिंगी म्हैस' असं जोडलं.

"खाली न्हाय चालायचं," आक्का म्हणाल्या. "आदी ती टेकलीया."

हरकत नियमाला धरून होती. तोहिदसाहेबांनी ओळ खोडली आणि सेवाज्येष्ठतेप्रमाणे पुन्हा लिहिली : एक, चिंगी म्हैस, दोन, तोहिद मुजावर, लेखाधिकारी.