भैरोजी खुटवड यांच्या नव्या गाडीची कैफियत

श्रीगणेशास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि जे घाट उतरून घरी परत येतात व जे येत नाहीत त्या उभयतांस नमन करून हकीकत लिहितो. शके १९४५, शोभकृत् नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेचे दिवशी घाटमाथ्यावरील करंजवडी गावी भैरोजी खुटवड यांचे दारी नवी गाडी दाखल जाहली. राज्य कोणते आणि राजा कोण, हे लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य मोठे होते, रस्ते लांब होते, आणि दवाखाना घाटाखाली शहरात होता, इतके वाचणाराने ध्यानी घ्यावे. भैरोजी हे सरकारी बसवर एकतीस वर्षे चालकी करून निवृत्त जाहलेले गृहस्थ, अंगाने किरकोळ, बोलणे थोडके, आणि एकतीस वर्षांत त्यांचे हातून रस्त्यावरच्या कोंबडीसही धक्का लागला नाही ऐसा लौकिक. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखावे, मग डेपोतील मिस्त्रींनी उघडून पाहावे आणि तेच निघावे, ऐसा त्यांचा कान होता. त्यांचे कुटुंब सगुणाबाई यांनी नव्या गाडीस हळदकुंकू वाहिले, नारळ वाढवला, आणि गावातील मंडळी जमून पेढे खाती जाहली, आणि भैरोजींनी गाडी सुरू करून सर्वांस म्हटले, "ऐका. हिला आवाजच नाही." तो दिवस बहुत आनंदाचा गेला. पुढे तैसा दिवस त्या घरी आला नाही.

गाडी घेण्याचे कारण ऐसे की, गावात दोन असामी मूत्रपिंडाच्या विकाराने पीडलेले होते. एक मालनबाई धिंडळे, वय अठ्ठेचाळीस, अंगणवाडीच्या बाई. अर्ध्या गावाने पहिले अक्षर त्यांचे हाताखाली गिरवलेले. दुसरे उस्मानभाई शिकलगार, सुऱ्याकात्र्यांना धार लावणारे, भैरोजींचे लहानपणापासूनचे सोबती. उभयतांस सोमवारी आणि गुरुवारी शहरास जाऊन डायलिसिस घ्यावे लागे, म्हणजे चार तास यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यावे, अंगात साठलेले पाणी काढून घ्यावे, तेव्हा कोठे पुढचे तीन दिवस श्वास सुखाने चालावा. पूर्वी ती दोघे दोन बस बदलून जात, आणि परतताना चक्कर येऊन स्टँडाच्या बाकावर आडवी होत, हे भैरोजींनी नोकरीच्या अखेरच्या वर्षी डोळ्यांनी पाहिले होते. सबब निवृत्त होताच त्यांनी सात आसनांची नवी गाडी घेतली, इतर दिवशी बाजाराची भाडी करावी आणि सोमवार-गुरुवार या दोघांस न्यावे ऐसा नेम केला, आणि तो नेम चैत्रापासून एकही वार न चुकता चालला. वाटेत उस्मानभाईंनी दिवंगत मामलेदारांच्या भानगडी सांगाव्या, मालनबाईंनी "पुरे झालं, उस्मानभाई, पोट दुखायला लागलं" म्हणून हसावे, आणि भैरोजींनी आरशातून पाहावे, ऐसे सहा महिने गेले.

त्या साली अधिक मास येऊन श्रावण दोन जाहले. निज श्रावणात खबर आली की, पलीकडल्या पेठेतील दत्ताजी गव्हाणे यांची गाडी, तीच घडण, तेच साल, एकोणीस हजार किलोमीटर पुरे होतात न होतात तो ऐन चढावर खडखडली, आणि इंजिन जागीच बसले, आणि गाडी भरल्या माणसांसकट मागे घरंगळून कठड्यास टेकली. माणसे वाचली, परंतु इंजिन उघडले ते आतून फुटून गेलेले. मग दुसरी खबर आली, मग तिसरी, आणि गाड्यांच्या धन्यांनी फोनवर एक समूह उभा केला, त्यात भैरोजीही सामील जाहले, आणि तेथून त्यांच्या जिवाचे स्वास्थ्य गेले. रोज सकाळी चहाच्या आधी कोणी लिहावे, माझे ऑइल महिन्यात निम्मे झाले. कोणी लिहावे, थंड असताना टकटक ऐकू येते. कोणी लिहावे, एसी लावू नका. कोणी लिहावे, लावा, न लावल्यानेच होते. ताप आलेल्या घरी जैसे थर्मामीटर वाचून दाखवावे तैसे जो तो आपल्या गाडीचे किलोमीटर कळवी. भाद्रपद सरता सात इंजिने गेली, दसऱ्यास नऊ जाहली. गाड्या करणारे कारखानदार मोठे, त्यांचा वाडा दूर. त्यांजकडे समूहाने अर्ज धाडला, त्यास उत्तर आले की, आपला अभिप्राय आम्हांस मोलाचा आहे. याउपर काही नाही.

मग भैरोजी खासा गाडी घेऊन शहरातील सर्व्हिस सेंटरास गेले. तेथील मुख्य वासुदेव नेर्लेकर, तरुण, नेटका, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. त्यांनी गाडीस संगणक जोडला, पडद्यावर पाहिले आणि बोलिले, "काका, गाडी एकदम ठणठणीत आहे."

भैरोजी म्हणाले, "ज्यांची गेली त्यांचीही आदल्या दिवशी ठणठणीतच होती. तुम्ही तसं लिहून देता का?"

"लिहून द्यायची पद्धत नाही आमच्यात. काही झालं तर वॉरंटी आहे ना. बंद पडली की घेऊन या."

"बंद पडली की कशी आणू? माझ्या गाडीत दोन आजारी माणसं असतात, साहेब. घाटात असतात."

यावर नेर्लेकर हळू आवाजात म्हणाले, "काका, मला जेवढं सांगायला सांगितलंय तेवढंच मी सांगतो." आणि दुसऱ्या गाडीकडे निघून गेले. भैरोजींस त्या पोराचा राग आला नाही, त्याचे तोंड पाहून उलट भय वाढले. परतीच्या चढावर त्यांनी तीन ठिकाणी गाडी उभी केली आणि ऑइलची पट्टी काढून फडक्यास पुसून पाहिली. ऑइल पुरते होते. तरी मनास पुरते वाटेना.

तेव्हापासून भैरोजींचा कान त्यांचाच वैरी जाहला. रेडिओ बंद केला, काचा बंद केल्या, आणि गाडीत कोणी बोलू नये ऐसे फर्मावले, कारण बोलण्यात आवाज हरवतो. उस्मानभाईंचे मामलेदार थांबले. जेवताना त्यांनी ताटावरून मान उचलावी आणि विचारावे, "कसला आवाज?" आणि सगुणाबाईंनी म्हणावे, "अहो, कुकर आहे." अंगाने आधीच किरकोळ, ते आणखी उतरले. सगुणाबाई एकदा म्हणाल्या, "विकून टाका ती गाडी," तर भैरोजी म्हणाले, "कुणाच्या गळ्यात घालू? त्याच्या घरची माणसं बसणारच ना तिच्यात." कार्तिकात एके गुरुवारी घाट चढताना मालनबाई मागून बोलिल्या, "भैरूदादा, पूर्वी तुम्ही आम्हाला नेत होता. आता तुम्ही इंजिनाला नेता, आणि आम्ही आपले सोबत असतो." भैरोजींस ते लागले. परंतु उत्तर द्यावे तर आवाज हरवेल, सबब ते बोलले नाहीत, आणि बाईही पुढे वाटभर बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षात भैरोजींच्या गाडीचा काटा अठरा हजार नऊशेवर आला. दत्ताजींची गाडी एकोणिसाला गेली होती, सबब तो आकडा त्यांस भिंतीसारखा समोर दिसो लागला. शुद्ध दशमीचा गुरुवार. पहाट सरून उजाडले होते, भैरोजींनी अंगणात गाडी सुरू केली, आणि त्यांस आवाज ऐकू आला. टिक, मग काही नाही, मग टिक टिक. त्यांनी सगुणाबाईंस बोलावून म्हटले, "ऐक." त्या म्हणाल्या, "मला तर काही कळत नाही हो." त्यांनी बॉनेट उघडून कान लावला, आवाज होताच. एकतीस वर्षांत जे केले नाही ते त्यांनी केले, ठरल्या वेळेस गाडी बंद करून किल्ली काढली. मग मालनबाईंस फोन लाविला आणि म्हणाले, "ताई, आज गाडी नेत नाही मी. आवाज येतोय. घाटात काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? आजच्या दिवस तुम्ही बसने जाता का?"

मालनबाई म्हणाल्या, "बस गेली सुद्धा, दादा. पुढची दुपारी. राहू द्या, आज मार्गेसरचा गुरुवार आहे, पूजा मांडायचीय, पाच बायकांना सांगितलंय. सोमवारी जाऊ. एका वारानं काय होतंय?"

"पाणी कमी प्या मग," भैरोजी म्हणाले.

"ते तर तीन वर्षं कमीच पितेय," ऐसे म्हणून त्या हसल्या, आणि फोन ठेवला. उस्मानभाई पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून शहरास गेले. आणि भैरोजी एकटे, गाडीत कोणास न घेता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरून सर्व्हिस सेंटरास पोहोचले, आणि गाडी रांगेत लावून, मंगळवारी मिळेल ऐसे ऐकून, सोमवारी बाईंस बसने न्यावे ऐसे योजून, बसने परतले. बसमध्ये खिडकीशी बसले असता किती महिन्यांनी त्यांस झोप लागली. माणसे वाचविली, ऐसे त्यांस वाटले.

त्रयोदशी, रविवार, सकाळचे दहा. मालनबाईंचे यजमान सोपानराव, दूध संस्थेतील मापारी, अनवाणी धावत खुटवडांच्या अंगणात आले आणि म्हणाले, "गाडी काढा दादा, तिला दम लागलाय, आडवं पडवत नाही." अंगण रिकामे होते. भैरोजी म्हणाले, "गाडी खाली शहरात आहे." मग उभयता धावले. मालनबाई ओट्यावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडून श्वास ओढीत होत्या, पाय सुजून तुकतुकीत जाहले होते, ओठ काळवंडले होते. सरकारी रुग्णवाहिकेस फोन केला, ती घाटाखालून निघाली ऐसे कळले. गावात दुसरी गाडी होती ती लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली, तिचा धनी फोन उचलीना. भैरोजी बाईंच्या मागे बसले आणि त्यांची पाठ आपल्या छातीवर टेकवून धरली, म्हणजे बसते राहवेल. मालनबाई एकदा म्हणाल्या, "आवाज... कसला होता?" भैरोजी म्हणाले, "माहीत नाही, ताई. बोलू नका." सव्वा तासाने रुग्णवाहिका आली. त्यांस आत घेतले, नळी लावली, भैरोजी आणि सोपानराव सोबत बसले, आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर मालनबाईंचा श्वास थांबला. रुग्णवाहिका जुनी होती, धूर ओकीत होती, परंतु तिचे इंजिन कोठेही अडले नाही.

मंगळवारी सर्व्हिस सेंटरातून बोलावणे आले. नेर्लेकरांनी तळहातावर एक खडा ठेवून दाखविला, हरभऱ्याएवढा. इंजिनाखालच्या पत्र्यात अडकला होता, थरथरला की वाजत होता. "इंजिनाला काही नाही काका," ते म्हणाले. भैरोजींनी विचारले, "आता तरी लिहून द्याल?" नेर्लेकरांनी किल्ली पुढे केली. भैरोजी गाडी घेऊन निघाले आणि घाटात काटा एकोणीस हजारांवर गेला, तो त्यांनी पाहिलाही नाही.

दहाव्याला सोपानरावांनी भैरोजींचे हात हाती घेऊन म्हटले, "तुमची काय चूक यात? तिचीच वेळ आली होती." सर्व जमलेली मंडळी तेच बोलिली. भैरोजींस कोणी दोन शिव्या दिल्या असत्या तर रडता आले असते. तैसे कोणी केले नाही. ते घरी येऊन गाडीवर ताडपत्री ओढून बसले. आठवडाभर उस्मानभाई मोटारसायकलवर जाऊन आले, थंडीने खोकला लागला. मग पुढल्या गुरुवारी सकाळी ते स्वतः चालत आले, ताडपत्री एका हाताने ओढून काढली, दार उघडून पुढल्या आसनावर बसले.

भैरोजी ओट्यावरून म्हणाले, "उस्मान, माझ्याच्यानं होणार नाही. मी तिला मारलं."

उस्मानभाई म्हणाले, "मारलंस का नाही, ते मला विचारू नको. मला ठाऊक नाही. मला नऊला यंत्रावर पडायचंय. चल."

"आणि घाटात बंद पडली तर?"

"तर बंद पडेल. आपण रस्त्यावर उभे राहू, कुणीतरी थांबेल. घरात बसलो तर कोण थांबणार आहे?"

भैरोजी बराच वेळ उठले नाहीत. मग उठले, चपला घातल्या, आणि गाडी काढली. त्या दिवशी मागले आसन रिकामे होते, आणि भैरोजींनी आरसा वर फिरवून ठेवला होता.

फाल्गुनात कारखानदारांनी जाहीर केले की, एका खेपेच्या इंजिनांत दोष आढळला आहे, ती बिनतक्रार बदलून मिळतील, आणि क्रमांकांची यादी लाविली. भैरोजींचा क्रमांक यादीत निघाला. जुने इंजिन काढून कारखान्यात नेले आणि नवे बसविले, सबब जुने आणखी किती चालले असते, त्या गुरुवारी घाटात बसले असते की मालनबाईंस सुखरूप नेऊन आणले असते, हे कोणास कधी कळले नाही. भैरोजींनी नेर्लेकरांस विचारून पाहिले. ते म्हणाले, "काका, ती सगळी वितळवायला जातात."

एकूण हकीकत इतकीच. त्या साली त्या राज्यात एका घडणीची अकरा इंजिने अवेळी गेली, त्यांची नोंद कारखानदारांच्या दप्तरी तारीखवार आहे, आणि मनुष्यहानीच्या रकान्यात "नाही" ऐसे लिहिले आहे. भैरोजी खुटवड अद्याप सोमवारी आणि गुरुवारी घाट उतरतात. मालनबाई सोपानराव धिंडळे, अंगणवाडीच्या बाई, राहणार करंजवडी, यांचे नाव त्या दप्तरी नाही, म्हणून येथे लिहून ठेविले.