एक रस्ता आणि चार पाट्या

गुरुवारी माझी बायको गोजरा घरी येणार, हे मी गावभर सांगून ठेवलं होतं. छातीवर हात मारून सांगितलं होतं! नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, आता धोका टळला. म्हणून मी घराला रंग द्यायला काढला. तिला न विचारता एवढं मोठं काम मी उभ्या संसारात पहिल्यांदाच करत होतो.

सकाळी माणसं यायला लागली. एक आला, दोन आले, बघता बघता अंगण भरलं. मला वाटलं, रंग बघायला आले! शिडीवरूनच ओरडलो, "बसा की! आन गुरुवारी परत या. ती आली की शेंगोळे करायला लावतो!"

सगळे मोबाईल खिशात घालून जमिनीकडे बघत उभे, गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे.

शेवटी शेजारचा सूर्यभान शिडीपाशी आला.

"छगन, ब्रश खाली ठेव."

"एवढी भिंत हुऊ दे."

"ठेव म्हनतो ना. खाली ये आधी."

माझ्या पुतण्याने पहाटेच मोबाईलवर स्टेटस ठेवलं होतं. गोजराचा फोटो, भोवती झेंडूची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. माझा मुलगा करण तिच्यापाशी दवाखान्यात होता, त्याला मला फोन करायचा धीर झाला नाही. गावाला कळलं, पाहुण्यांना कळलं, पार पुणतांब्यात कळलं. मी तेवढा शिडीवर होतो.

दहाव्याला नदीवर गर्दी झाली. आमच्याकडे दहावा म्हणजे पिंडदान थोडं आणि भाषणं फार. आप्पासाहेबांशिवाय तर गावात कुणाचा दहावा पार पडत नाही. ते नेमके कोणत्या पदावर आहेत हे मला अजून माहीत नाही, पण माईक त्यांच्याकडे असतो.

पिंड ठेवला, सगळे मागे सरकले, कावळा काही येईना. मी हात जोडून म्हणालो, करणचं लग्न नीट करीन. कावळा येईना. म्हणालो, लेकीला, रुपालीला, दर दिवाळीला माहेरी आणीन. कावळा बाभळीवरून हलेना. जिवंतपणीही माझ्या शब्दावर ती अशीच बसून राहायची!

तेवढ्यात आप्पासाहेबांचा आवाज चढला, "स्टँडपासून नदीपर्यंतच्या रस्त्याला गोजरबाईंचं नाव दिल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

आणि कावळा झपकन खाली येऊन पिंडाला शिवला! लोक टाळ्या वाजवणार होते, पण आपण कुठे उभे आहोत हे आठवून त्यांनी हात खाली घेतले.

"तिचा जीव रस्त्यात हुता बघ," सूर्यभान माझ्या कानात म्हणाला.

मी चाटच पडलो. या बाईने जन्मात माझ्याकडे कधी कानातलं मागितलं नाही, आणि आता एकदम रस्ता! पण मागितला, तर द्यायलाच पाहिजे.

मी पाटी करून घेतली. निळ्यावर पांढरी अक्षरं. सूर्यभानने ती उलटीपालटी करून बघितली.

"जिल्ह्याचं नाव बदललं, तरी कंडक्टर अजून नगर, नगरच वरडतो. तुझी पाटी कोन वाचनार हाय?"

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तिला कळलं म्हंजे झालं."

आप्पासाहेबांना उद्घाटनाला वेळ मिळेना. शेवटी मीच पाटी आणि पहार घेऊन स्टँडच्या कोपऱ्यावर गेलो. बघतो तर तिथे आधीच दोन खड्डे! एकापाशी गोरक्षनाथ पैलवानाचा रविराज, दुसऱ्यापाशी भागवत मास्तरांच्या मास्तरीणबाई. दोघांकडे पाट्या, दोघांचे चेहरे रागाने लाल.

"काका, हा रस्ता आमच्या दादांचा हाय. आप्पासाहेबांनी दहाव्याला जाहीर केलंय."

"अरे, आमच्या मास्तरांना दिला तेव्हा तुझे दादा तालमीत दंड मारत होते!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"त्याच वाक्याला आमचा कावळा शिवला!"

"आमचाबी!" मी म्हणालो.

"आमच्या मास्तरांना तर दोन आले होते."

आम्ही तिघांनी मिळून आप्पासाहेबांना फोन लावला.

"कोण, छगनराव? कधी आहे दहावा?"

"दहावा न्हाई, आप्पासाहेब. स्टँडचा रस्ता नक्की कुनाचा, तेवढं सांगा."

तिकडे त्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "अहो, गावात रस्ता एक आणि माणसं जातात किती! कावळा यावा म्हणून बोलावं लागतं. नदीवरचं बोलणं कुणी धरून बसतं का?"

फोन बंद. मग वाटणी सुरू झाली, भाऊ शेत वाटतात तशी. स्टँड ते तालीम पैलवानाला, तालीम ते शाळा मास्तरांना. गोजराला राहिला शाळेपासून नदीवरच्या स्मशानापर्यंतचा तुकडा.

"हे न्हाई जमायचं," मी म्हणालो. "उद्या कुनी मेलं, तर लोक म्हनतील गोजरबाईच्या वाटंला लागला!"

मास्तरीणबाईंना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि खड्ड्याच्या कडेला बसल्या. रविराज बसला. मीही बसलो. पाट्या मांडीवर घेऊन आम्ही तिघं कितीतरी वेळ तसेच होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, एसटीची वाट बघतायत.

शेवटी ठरलं, तिन्ही पाट्या एकाच खांबावर लावायच्या. वर कुणाची, हे रविवारी बसून ठरवू. पण रविवारच्या आतच आप्पासाहेबांच्या आई वारल्या.

त्यांच्या दहाव्याला नदीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पिंड ठेवला, पण कावळा येईना. ऊन चढलं. तालुक्याचे पुढारी बोलून बोलून थकले. आप्पासाहेबांच्या हातात त्या दिवशी माईक नव्हता. उघड्या अंगाने, भादरलेल्या डोक्याने ते रडत होते. "आई, काय राहिलं गं तुझं? सांग ना!"

मला बघवेना. आपल्या माणसाचं काय राहिलं हे कळत नाही, त्याच्यासारखं वाईट काही नाही. मी पुढे झालो आणि तोंडातून गेलंच, "आई, तो स्टँडचा रस्ता तुझा! आमी तिघंबी पाट्या लावनार न्हाई!"

कावळा आला!

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा पिंड माझाच! रविराज दात-ओठ खात म्हणाला, "काका, तुमचा तुमी द्यायचा हुता. आमचा कशाला वाटला?"

आप्पासाहेबांच्या आईची पाटी लगेच लागली. संगमरवरी आहे. नारळ फोडायला मलाच उभं केलं, कारण रस्ता देणारा मी!

गोजराची पाटी मी घरी आणून ठेवली आहे. रुपाली म्हणते, "अण्णा, आपल्या दारावर लावा." पण घर तर तिचंच होतं, ते तिला कुणी नव्याने द्यायची गरज नाही. कावळा शिवला तो रस्त्याच्या बोलीवर. तो रस्ता गोजराला द्यायचा राहिला आहे.