चिंतामुक्त दुसरी ‘ब’

दुसरी ‘ब’मधली एक मुलगी नखं खात असे आणि त्याबद्दल शाळेने तिचा वेळोवेळी गौरवही केला होता. दर सोमवारी वर्गशिक्षिका बाई फूटपट्टी घेऊन बाकांमधून फिरत. मुलांनी हात पालथे ठेवायचे. ज्याची नखं वाढलेली, त्याच्या बोटांवर पट्टी. ज्याची सर्वांत छोटी, त्याच्या छातीवर ‘स्वच्छ बालक’ असा पुठ्ठ्याचा बिल्ला. हा बिल्ला बरेच दिवस या मुलीच्या गणवेशावरच मुक्कामाला होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण पलीकडच्या शाळेने समुपदेशक नेमला, म्हणून या शाळेलाही नेमावा लागला. तो तरुण होता, उत्साही होता आणि त्याला एक तरी केस हवी होती. पहिल्याच फेरीत त्याने बिल्लेवाल्या मुलीला बोट तोंडात असताना रंगेहाथ पकडलं.

“नखं खाणं हे मनातल्या चिंतेचं लक्षण असू शकतं,” तो मुख्याध्यापिका बाईंना म्हणाला.

“चिंता? आमच्या शाळेत?” बाई उडाल्याच. “कुणाच्या परवानगीने?”

बिल्ला तत्काळ काढून घेण्यात आला. मुलीला तोवर पट्टी सोडली तर कसली चिंता नव्हती. आता रीतसर मिळाली.

आईवडिलांना बोलावणं गेलं.

“घरात काही ताणतणाव?” समुपदेशकाने हळुवारपणे विचारलं.

“छे हो,” आई म्हणाली.

“भरपूर,” वडील त्याच वेळी म्हणाले.

यावरून दोघांची तिथेच अशी जुंपली, की पुढचा प्रश्न विचारायची गरजच उरली नाही. मुलगी दाराबाहेर बाकड्यावर बसली होती. तिला काही विचारायचं राहून गेलं.

मग उपाययोजना झाली. रोज एक ‘निश्चिंतता तास’. मुलांनी हात बाकावर ठेवून निश्चिंत बसायचं आणि बाईंनी फूटपट्टी घेऊन लक्ष ठेवायचं. महिनाअखेर नखं पाहून परीक्षा. नापास होईल त्याची रवानगी जिन्याखालच्या निरीक्षण वर्गात.

“तू तिकडे गेलीस तर मी डबा कुणाबरोबर खाऊ?” मुलीच्या मैत्रिणीने विचारलं.

यावर विचार करताना दोघींची बोटं तोंडात गेली. समोरच्या बाकाने ते पाहिलं, त्याच्या पुढच्यानेही पाहिलं आणि परीक्षा जवळ येईतो सगळा वर्ग मन लावून कुरतडू लागला. मुख्याध्यापिका बाईंनी कुरतडणाऱ्यांचे आकडे मागवले, तेव्हा समुपदेशकाचाही अंगठा ओठांपाशी दिसला, पण तो विचारमग्न असल्याची नोंद झाली.

अखेर मुख्याध्यापिका बाईंनीच सूत्रं हाती घेतली. परीक्षा होईपर्यंत सर्वांनी शाळेत आणि घरी हातमोजे घालावेत, असं फर्मान निघालं. नखं दिसेनाशी झाली, त्यामुळे चिंताही दिसेनाशी झाली. वर्ग शंभर टक्के उत्तीर्ण. दारावर ‘चिंतामुक्त वर्ग’ अशी पाटी लागली आणि समुपदेशक कायम झाला.

परीक्षेनंतरच्या सोमवारी तपासणीसाठी हातमोजे उतरवले. मुलीची नखं प्रथमच चांगली वाढली होती. वर्गशिक्षिका बाईंनी पट्टी उगारली.

“काल सुट्टी होती ना? कापली का नाहीस?”

“मला कापता येत नाहीत, बाई. आई म्हणते बाबांना सांग, बाबा म्हणतात आईला सांग. म्हणून तर मी खात होते. पट्टी बसू नये म्हणून.”

पट्टी तशीच वर राहिली. शाळा मात्र स्वस्थ बसली नाही. तिने पालकांसाठी नखं कापण्याचं मार्गदर्शन शिबिर घेतलं. तज्ज्ञांनी मोठ्या पडद्यावर बोटाचं चित्र दाखवलं. मुलीचे आईवडील पहिल्या रांगेत बसून त्याचे फोटो काढत होते. मधल्या खुर्चीवर मुलगी दोन्ही हात पुढे करून वाट बघत होती. शिबिर संपलं, टाळ्या झाल्या, हात तसेच राहिले.

तुम्ही हसताय ते बरोबरच आहे, लोक असतातच असे. फक्त एवढंच, की पोराचं नख कापायचं तर त्याचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो. तुम्ही शेवटचा कधी घेतला होता? सावकाश आठवा, घाई नाही. पण आधी ते तोंडातलं बोट काढा.