नारळास कारणे दाखवा नोटीस

जगात जे जिथे आहे ते तिथे कुठून तरी आलेले असते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. मात्र कोणत्या तारखेला आणि कोणाच्या परवानगीने, याबाबत शास्त्र मौन बाळगून आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्यालये असतात.

वानुकुला बेटावरचे आगंतुक नियंत्रण कार्यालय त्यांपैकीच एक. एक टेबल, एक कपाट, एक शिक्का आणि अधिकारी आपेनिसा. समुद्र ओलांडून येणारा प्राणी असो, पक्षी असो की साधी बी, प्रत्येकाकडून नमुना सात भरून घ्यायचा, हे काम तो सहा वर्षे तळमळीने करत होता. गेल्या वर्षी लाटांबरोबर ४१२ नारळ आले, वाऱ्याबरोबर कोळी (आपापल्या धाग्याला लोंबकळत, विनातिकीट) आणि एका ओंडक्यावर बसून एक पाल. (पुढच्या तपासणीत पाली सात. नवऱ्याची चौकशी केली असता तो कधी नव्हताच असे कळले.) नमुना सात भरणारे: शून्य.

पक्षी पोटातून बिया आणतात, म्हणून त्याने किनाऱ्यावर फलक लावला, 'बेटावर उतरण्यापूर्वी पोट रिकामे करावे.' पक्षी फलकावर बसून सूचनेचे तंतोतंत पालन करू लागले. फलकाखाली आता चांगली झाडी माजली आहे आणि दुपारी आपेनिसा तिच्याच सावलीत डबा खातो.

कपाटात कागद चोख असलेले आगंतुक फक्त तीन: मुंगूस, साळुंकी आणि भलामोठा विषारी बेडूक. तिघांनाही सरकारने स्वतः बोलावून आणले होते. (मुंगसाला उंदीर खायला आणले. तो कोंबड्या खातो. पण कागद चोख आहेत.)

अशा कार्यालयाच्या नजरेतून विलिमाइना बुबूचा (बुबू म्हणजे आजी) नारळ सुटणे शक्य नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात बुबूच्या दारातली सगळी झाडे आडवी झाली. तेव्हापासून कालवणात नारळाचा रस घालायचा तर शेजारच्या जावेपुढे हात पसरावा लागे, आणि जाऊ नारळ देताना दहा वाक्ये ऐकवून देई. त्याच वादळात वाहत आलेला एक नारळ बुबूने दारात पुरला होता. आता त्याचे रोप कमरेएवढे झाले होते. बेटावरच्या रोपांचे देठ हिरवे, याचे तांबूस.

"बुबू, हे रोप परकं आहे," आपेनिसा म्हणाला. "तीस दिवसांत कागद दाखवा, नाहीतर उपटावं लागेल."

"अरे, समुद्रातून आलंय ते! तिथं कागद भिजणार नाहीत का?"

"तसा लेखी खुलासा द्या."

"उपटून तर बघ, मेल्या! मरेपर्यंत त्या बयेकडे नारळ मागायला मी जाणार नाही."

आपेनिसाने 'अर्जदार भावनाविवश' अशी नोंद केली आणि तिसाव्या दिवशी फावडे घेऊन हजर झाला. बघतो तर बुबूच्या दारात चटई अंथरलेली, गाव गोळा झालेले, मधोमध गावप्रमुख सावेनाथा आणि समोर यंगोनाच्या मुळ्यांची जुडी. गावात नवे कोणी आले की ते ही मुळी गावप्रमुखापुढे ठेवते. त्याने ती घेतली आणि टाळ्या वाजल्या की आलेला गावचा झाला, मग त्याला हात लावायची कोणाची छाती नाही.

"हा लांबून आलाय," बुबू रोपाकडे हात करून म्हणाली. "त्याला बोलता येत नाही, म्हणून मी बोलते. त्याला पदरात घ्या."

सावेनाथाने मुळी उचलली. टाळ्या वाजल्या. जावेनेही वाजवल्या, जरा हळू.

"हे नियमात बसत नाही," आपेनिसा म्हणाला. "कोण कुठून आला याची नोंद नको का?"

"नोंद आहे ना," सावेनाथा म्हणाला. "आमचे पणजोबा होडीतून आले, त्यांची मुळी ठेवलेली. डुकरं, कोंबड्या, फणस त्यांच्याबरोबर, त्याच मुळीवर. उंदीर तेवढा न विचारता आला. साहेब, तुम्हाला येऊन सहा वर्षं झाली. तुम्ही मुळी ठेवल्याचं काही मला आठवत नाही."

आपेनिसाने बोटांवर वर्षे मोजली. सहा वर्षांत गावात त्याला कोणी जेवायला बोलावले नव्हते. तो याला पदाचा दबदबा समजत होता. गावाच्या हिशेबाने तो अजून किनाऱ्यावरच उभा होता, उंदराच्या रांगेत. त्याला अगदी रडू आले.

"रडू नकोस रे," बुबू म्हणाली. "दुसरी जुडी आणलीय मी. तुझ्यासाठी पण ठेवते. आधी याचा तो नमुना का काय तो भर."

फावडे बाजूला ठेवून आपेनिसाने चटईवर बसून नमुना भरला. येण्याचा मार्ग: पाणी. बरोबर आणलेले सामान: पाणी. रकाना चार, 'येथे केव्हापासून', इथे त्याचे पेन अडले. मग त्याने शिक्का मारून लिहिले, 'पूर्वीपासून इथलाच.' बुबूने दुसरी जुडी पुढे ठेवली, टाळ्या पुन्हा वाजल्या, या वेळी त्याच्यासाठी, आणि त्या संध्याकाळी बुबूकडे तो पोटभर जेवला. कालवणात रस जावेच्या नारळाचा होता. (रोपाला फळ धरायला अजून चार वर्षे आहेत.)

नमुना सात आता सर्वांना लागू झाला आहे. वाचकांनीही तो भरावा. आपण आत्ता बसला आहात तिथे आपले कोण, कशाने आणि कोणाला विचारून आले, ते सुवाच्य अक्षरात लिहावे. रकाना चारमध्ये 'पूर्वीपासून इथलेच' असे लिहू नये. ते उत्तर एका नारळाने आधीच दिले आहे, आणि त्याच्याकडे निदान शिक्का आहे.