चौतीस सेकंद सरळ

“पोर पहिलं पाऊल टाकायच्या बेतात आहे आणि तुझ्या घरात सगळे उलटे चालतायत. बघ हं बाई, ती तेच उचलेल,” समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दारातून म्हणाल्या, तेव्हा वहिनी हसली. नुसती हसली नाही, “काहीतरीच हं तुमचं!” असं म्हणून तिने दारही लावून घेतलं.

आता हे नवलच होतं. कारण काळजी करणं हा वहिनीचा पूर्णवेळ व्यवसाय होता. तेरा महिन्यांच्या पिटुकलीसाठी तिने घरातल्या प्रत्येक टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवला होता. नवरा घरी आला की त्याच्या शर्टाची सगळी बटणं ओढून बघितल्याशिवाय ती त्याला लेकीला उचलू देत नसे. पिटुकली झोपली की नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघायचं, आणि आपल्या बघण्यानेच तिला जाग आली तर नाही ना, हे मग पुन्हा बघायचं. अशा बाईने नेमका हाच इशारा उडवून लावावा! पण बाई होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं इशारे देऊन देऊन त्यांच्या इशाऱ्यांची धार गेली होती. “सावकाश!” म्हटल्याशिवाय त्या कुणाला जिना उतरू देत नसत, आणि त्यामुळे सगळे धडाधडा उतरत.

घरात सगळे उलटे चालत होते ते नणंदेमुळे. ती कॉलेजात व्हिडिओ बनवायला शिकत होती आणि शेवटच्या वर्षासाठी तिच्या गटाला एक म्युझिक व्हिडिओ करून सोमवारी पाचच्या आत द्यायचा होता. सरांनी सोबत एक फॉर्म दिला होता. वरचा भाग ‘प्रेरणा’: कुठून काय घेतलंत ते प्रामाणिकपणे लिहा. खाली एकच ओळ: ‘यात तुमचं स्वतःचं काय?’

वरचा भाग इतका भरला की त्याला पुरवणी जोडावी लागली. खालची ओळ कोरी होती.

“उलटं चालणं त्या समुद्रावरच्या व्हिडिओतून घेतलं,” नणंद हॉलमध्ये मांडी ठोकून सांगत होती. “सगळं एका शॉटमध्ये, ते त्या बॅंडवाल्यांकडून. उडणारी पिसं त्या कपड्यांच्या जाहिरातीतून.”

“आणि मैदा?” गटातल्या कॅमेरावाल्याने विचारलं.

“मैदा त्या केकच्या चॅनेलवरून.”

“मग आपलं काय?”

नणंदेने हॉलभर नजर फिरवली. “वहिनीचा सोफा,” ती म्हणाली.

कल्पना मात्र फक्कड होती. एक मुलगा आतल्या खोलीतून पसाऱ्याने भरलेल्या हॉलमध्ये येतो, गात गात चालतो, आणि तो जसजसा चालतो तसतसं घर आपोआप आवरत जातं. पिसं उशीत शिरतात, मैदा डब्यात परततो, जमिनीवरचा ग्लास उडी मारून हातात येतो. तीन मिनिटांत हॉल आरशासारखा. हे साधायचं कसं, तर चित्रीकरण उलटं करायचं. म्हणजे आवरलेल्या हॉलपासून सुरुवात करायची, मुलाने मागे मागे चालत तीन मिनिटांत घराचा उकिरडा करायचा, आणि मग फिल्म उलटी फिरवायची.

“म्हणजे व्हिडिओत तो घर आवरतो,” वहिनी सावकाश म्हणाली, “आणि खरं कोण आवरतं?”

“वहिनी, तू ना फार तपशिलात शिरतेस,” नणंद म्हणाली.

तरी वहिनीने हॉल दिला. कॉलेजात असताना ती एका नाटकात ‘दुसरी शेजारीण’ झाली होती. वाक्य एकच होतं, पण ते तिला अजून पाठ होतं. फक्त तिने अटी घातल्या. काचेचा ग्लास नाही, स्टीलचा. मैदा चाळलेला. पिसं आधी उन्हात घालून. आणि सोफ्यामागे लपून पिसं उडवायला ती स्वतः बसणार, म्हणजे पिसांवर तिचं लक्ष राहील.

हिरोचं नाव सगळ्यांनी काडी ठेवलं होतं, आणि तो तसाच होता. पण अंगात मांस नसलं तरी निष्ठा ठासून भरली होती. गाण्याला ओठ जुळावेत म्हणून त्याने अख्खं गाणं उलटं करून पाठ केलं. वहिनीच्या गॅलरीत उभा राहून तो तास तास काहीतरी अगम्य पुटपुटायचा. खालून जाणारी माणसं वर बघायची आणि पावलं उचलायची. शिवाय त्याने ठरवलं की शूटिंग होईपर्यंत सरळ चालायचंच नाही. “भूमिका अंगात भिनली पाहिजे, वहिनी,” असं म्हणत तो दारातून पाठमोरा आत यायचा, पाठमोरा चहा घ्यायला जायचा आणि चहा सांडत पाठमोरा परत यायचा. त्याचं बघून नणंद, तिचं बघून कॅमेरावाला. आठ दिवस त्या हॉलमध्ये माणसं गाडी रिव्हर्समध्ये घातल्यासारखी फिरत होती.

पिटुकली सोफा धरून उभी राहायची आणि हे सगळं डोळे विस्फारून बघायची.

सहाव्या दिवशी तिने सोफा सोडला.

वहिनीने श्वास रोखला. मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याला फोन लावता येतो का हे बघू लागली. पिटुकली डुलली, सावरली, हसली, आणि तिने आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं. मागे.

“चुकून असेल,” वहिनी स्वतःला म्हणाली.

मग दुसरं. मागे. तिसरं, चौथं. पिटुकली मागे मागे जात स्वयंपाकघराच्या दारात पोचली, तिथून वळली आणि तशीच मागे मागे परत आली. संध्याकाळपर्यंत तिचा हात बसला, म्हणजे पाय बसला. आईकडे यायचं असलं की ती आधी आईकडे पाठ करायची आणि अंदाज घेत घेत येऊन मांडीत आदळायची. वहिनीने नवऱ्याला फोन केला.

“अहो, पिटुकली उलटी चालतेय!”

“म्हणजे हातांवर?”

“नाही हो, पायांवरच!”

“मग सुलटीच की.”

“मागे जातेय, मागे! पुढे येतच नाही!”

“तिला वळव,” नवरा म्हणाला. “मग मागे गेली की पुढेच येईल.”

वहिनीने फोन ठेवला. असल्या माणसाच्या हाती आपण बटणं तपासून का होईना पण मूल देतो, याचं तिला नव्याने आश्चर्य वाटलं. रात्रभर ती डोळे मिटून पुढचं बघत होती. पिटुकली पाठमोरी शाळेत चाललीय. पिटुकली पाठमोरी रस्ता ओलांडतेय. आणि हे सगळं कुणी केलं? हॉल कुणी दिला? पिसं उन्हात कुणी घातली?

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ती दारात हजर. पिटुकलीला डॉक्टरांनी जमिनीवर उभं केलं, तर ती बसून स्वतःचा मोजा खाऊ लागली. पुढे नाही की मागे नाही.

“करून दाखवा बरं, नेमकं काय करते,” डॉक्टर म्हणाले.

वहिनीने पर्स खाली ठेवली, हात थोडे पसरले, आणि पिटुकलीसारखी डुलत डुलत मागे चालू लागली. खुर्चीला वळसा घातला, खिडकी ओलांडली आणि शेवटी वजनकाट्यावर चढून थांबली.

डॉक्टरांनी पेन उचललं. “तुम्हाला हे कधीपासून होतंय?”

खुलासा व्हायला बराच वेळ लागला. शेवटी डॉक्टर हसू आवरत म्हणाले, “पाय उत्तम आहेत. बघितलं ते करतेय, बस. आता तिच्यासमोर सगळ्यांनी सरळ चाला. तिलाही सरळ चालणारं काहीतरी दिसू दे.”

घरी येऊन वहिनीने फर्मान काढलं: आजपासून या घरात जो तो पुढे चालेल. नणंदेचा चेहरा उतरला. “वहिनी, उद्या शूटिंग आहे! परवा द्यायचंय! नाही दिलं तर माझं वर्ष जाईल.”

“आणि माझ्या पोरीची दिशा गेली त्याचं काय?”

शेवटी वहिनीनेच तोडगा काढला. शूटिंगपुरतं पिटुकलीला समोर बाईंकडे ठेवायचं, दार लावून. बाईंकडे जाऊन हे सांगताना तिची मान वर होत नव्हती. बाईंनी मात्र “मी म्हटलं होतं” असं म्हटलं नाही. त्या नुसत्या “हं” म्हणाल्या, आणि त्या एका “हं”मध्ये तीस वर्षांची नोकरी होती.

रविवारी दुपारी शूटिंग सुरू झालं. हॉल लहान, त्यामुळे कॅमेरा दाराबाहेर, दोन्ही फ्लॅटच्या मधल्या पॅसेजमध्ये तिकाटण्यावर. दार सताड उघडं. पिसांच्या उशा तीन, म्हणजे टेक तीन. पहिल्या टेकला काडी मागे जाता जाता टीपॉयवर बसला आणि टीपॉयसकट खाली गेला. दुसऱ्या टेकला तो भावनेच्या भरात सरळ गाऊ लागला. प्रत्येक टेकनंतर वहिनी केर काढत होती, पुसत होती आणि “व्हिडिओत कसं आपोआप होतं, नाही?” असं कुणालाही न उद्देशून म्हणत होती.

तिसरा टेक. शेवटची उशी. काडीने ग्लास सोडला, झकास. मैद्याचा डबा उलटा केला, वा! सोफ्यामागून वहिनीने हातपंख्याने पिसं उडवली आणि हॉलमध्ये पांढरं वादळ उठलं. काडी मागे मागे जात आतल्या खोलीत दिसेनासा झाला. आता रिकाम्या पसाऱ्यावर अर्धा मिनिट कॅमेरा चालू ठेवायचा, की झालं.

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांमधून एक झबलं आत आलं.

बाईंनी दार लावलं होतं, पण “कसं काय चाललंय” म्हणून अर्ध्या मिनिटासाठी उघडलंही होतं. पिटुकलीला अर्धं मिनिट भरपूर होतं. तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ हॉलकडे, हात पसरलेले, अशी ती मैद्यातून एकेक पाऊल मागे टाकत निघाली. अंगावर पिसं पडत होती आणि ती खिदळत होती. कॅमेरावाला जागच्या जागी गोठला. नणंदेने कपाळाला हात लावला. ‘कट’ म्हणावं तर उशी संपलेली.

सोफ्यामागे वहिनीच्या डोक्यात एका सेकंदात जेवढे अपघात येऊ शकतात तेवढे आले: मैदा घसरडा, ग्लास वाटेत, पीस नाकात. तरी तिने दात-ओठ आवळून कळ काढली. पण पिटुकलीची टाच ग्लासाला लागणार, तोच वहिनी पांढऱ्या ढगातून ताडकन उभी राहिली, दोन्ही हात पसरून पुढे झेपावली, पोरीला पोटाशी धरलं आणि सोफ्यामागे गडप झाली.

“संपलं,” नणंद रडवेल्या आवाजात म्हणाली. “वर्ष गेलं.”

बाई पॅसेजमध्ये ओशाळून उभ्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना इशारा सुचत नव्हता. कॅमेरावाल्याने करायला काही नाही म्हणून फिल्म लॅपटॉपवर घेतली आणि सवयीने उलटी फिरवली. मग म्हणाला, “अगं... इकडे या. सगळे या.”

पडद्यावर पांढरं वादळ शांत होतं. सोफ्यामागून एक बाई वर येते, कडेवर मूल. ती वाकते, मुलाला जमिनीवर उभं करते, हात हळूच मोकळे करते आणि मागे मागे जात सोफ्याआड नाहीशी होते. मूल क्षणभर डुलतं. मग हसतं. आणि एकेक पाऊल टाकत, तोंडावर पिसं, पुढे, सरळ पुढे चालत येतं. त्याच्या पावलागणिक मैद्यातले ठसे पुसले जातात. चालत चालत ते अगदी कॅमेऱ्याखालून निघून जातं आणि तेव्हा कुठे आतल्या खोलीतून हिरो येतो आणि घर आवरायला लागतं.

चौतीस सेकंद. वहिनीने तो भाग चार वेळा बघितला. पोरगी चालत होती म्हणून बघितला, आणि आपण तिला सोडतोय ते कसं दिसतं, हे तिला माहीत नव्हतं म्हणूनही बघितला.

पाचव्या वेळी पिटुकलीनेही बघितला. पडद्यावरच्या झबल्याकडे तिने बोट दाखवलं, बाईंचा हात सोडला आणि लॅपटॉपकडे निघाली. सरळ. एक, दोन, तीन, चार पावलं. पाचव्या पावलाला ती लॅपटॉपवर दोन्ही हातांनी कोसळली आणि नणंद “सेव्ह केलंय का? सेव्ह केलंय का?” म्हणून किंचाळली.

केलं होतं. सोमवारी पावणेपाचला व्हिडिओ दिला गेला. फॉर्मवरच्या कोऱ्या ओळीत नणंदेने लिहिलं होतं: ‘पहिले चौतीस सेकंद. भाची आमची, वहिनी आमची.’ सरांनी तेवढ्याच भागाला पूर्ण गुण दिले, आणि बाकीच्यावर शेरा मारला, ‘प्रेरणा ओळखीच्या वाटल्या.’

पिटुकली आता पुढे चालते. पुढे, टेबलाखाली, बाईंच्या घरात, बाबांच्या बटणांकडे. मागे येणं तिला मंजूर नाही. तेव्हा वहिनीने खरं तर सुखाने झोपायला हवं. पण काळजीशिवाय राहणं तिला सोसत नाही, आणि गडबडीत एक गोष्ट सगळेच विसरले. शेवटच्या टेकला आतल्या खोलीत गेलेल्या काडीला शूटिंग संपल्याचं कुणी सांगितलंच नाही. तो मागच्या जिन्याने पाठमोरा उतरताना बाईंना दिसला होता. त्यांनी “सावकाश!” म्हटलं, तर तो उलटं काहीतरी बोलला. फोन लागत नाही. आज गुरुवार.

म्हणून वहिनीचं एवढंच सांगणं आहे. तुमच्या रस्त्याला एखादा काटकुळा मुलगा तोंडाने पुटपुटत मागे मागे जाताना दिसला, तर कृपा करून थांबा आणि जरा त्याची विचारपूस करा. त्याला सांगा, व्हिडिओ पास झाला, आता वळलं तरी चालेल. आणि जेवलाय का, तेही विचारा.