मागच्या आसाचे दात

मनुष्याची प्रतिष्ठा अंतिमतः त्याच्या वाहनाच्या मागच्या आसावर तोललेली असते. चढ लागेपर्यंत ही गोष्ट ध्यानात येत नाही, इतकेच.

धामणगाव बढे येथील मंडपवाले उकंडराव यांच्या ध्यानात ती गतवर्षी आली. लेकीच्या डोहाळजेवणाला 'मंडप माझा, गाडीही माझीच' असे व्याह्यांना कळवून ते निघाले. राजूर घाटात त्यांची गॅसवरची पिकअप, मागे खांब-कनातींनी भरलेली ट्रॉली घेऊन, पुढे न सुचलेल्या ओळीसारखी अर्ध्यावर थांबली. व्याही गोकुळराव ट्रॅक्टर घेऊन आले आणि साखळी लावून सर्व वैभव वर घेऊन गेले. तेव्हापासून प्रत्येक पंगतीत उकंडरावांच्या पानाशी कोणीतरी म्हणे, "इवाईले दोन लाडू जास्त वाढा बे, घाट चढाचा हाय!" (लाडू उत्तम असत. त्यामुळे दुःख अधिक.)

यंदा नातवाचे जावळ तिथेच, व्याह्यांकडे, ठरले आणि मंडपाचा शब्द उकंडरावांनी पुन्हा दिला. पत्नी विमलबाई एवढेच म्हणाल्या, "गाडीचा इलाज होईन हो, तुमच्या जिभेचा कोन करन?"

गाडीच्या इलाजासाठी वाहेद मिस्त्रींनी मागच्या आसात बसणाऱ्या दातेरी चाकांच्या दोन जोड्या बाकावर मांडल्या. एक्केचाळीस-आठ दातांची जोडी: ओढ अधिक, गॅसही अधिक. सदतीस-नऊची: गॅस कमी, ओढही कमी.

"ट्रॉली भरून घाट चढाचा असंन, तं एक्केचाळीसच टाका भाऊ. बाकी समदं बोलनं फिजूल."

"ॲव्हरेज?"

"किलोले बारा."

"अन् सदतीसमधी?"

"चौदा. पन भाऊ..."

"थांबा वाहेदभाई. चार लोकाइले इचारतो."

चार लोकांना विचारणे ही आपल्याकडील सर्वोच्च तांत्रिक तपासणी होय. उकंडरावांनी ती एकतीस जणांपर्यंत विस्तारली. एकोणतीस जणांनी घाट, ट्रॉली, दात यांपैकी कशाचीही चौकशी न करता फक्त ॲव्हरेज विचारले आणि चौदाच्या बाजूने कौल दिला. त्यांतील तेवीस जणांकडे वाहनच नव्हते (त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती मानण्यात आले). एक जण पारावर झोपला होता. त्याची संमती गृहीत धरण्यात आली. एकतिसावे मत खुद्द वाहेद यांचे. ते या विषयातील जाणकार असल्याने हितसंबंधी ठरून वगळण्यात आले.

सदतीस-नऊ बसली.

जावळाच्या दिवशी गॅस पूर्ण भरून निघालेली गाडी सपाटीवर वाऱ्यासारखी धावली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मात्र तिने एक दीर्घ उसासा टाकला आणि ती थांबली. दरीतल्या सागाच्या पानांची सळसळही उकंडरावांना पंगतीतल्या हसण्यासारखी ऐकू आली. त्यांनी फोन लावला. पलीकडून गोकुळराव म्हणाले, "निंगालोच हो. ट्रॅक्टर चालूच ठेवला होता."

ट्रॅक्टरच्या साखळीने वर पोहोचल्यावर उकंडरावांनी पंपावर गॅस पुन्हा भरून घेतला आणि मान खाली घालून मंडप उभारला. पाहुणे गाडीभोवती जमले. आता काय ऐकावे लागणार, या भीतीने उकंडराव आवळलेल्याच दोऱ्या पुन्हा आवळू लागले. गोकुळरावांनीच तोंड उघडले.

"ॲव्हरेज काय पडलं, इवाई?"

उकंडराव प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी हिशेब मांडला: अंतर चाळीस किलोमीटर, गॅस दोन किलो चारशेवीस. (चाळिसांपैकी सहा किलोमीटर इंजिन बंद होते, पण अंतर ते अंतरच.)

"साडेसोळा."



"साडेसोळा? ट्रॉलीसगट?" गोकुळरावांनी त्यांना हाताला धरून स्वतःच्या शेजारी गादीवर बसवले. "आमच्याबी गाडीले हेच दात बसवून द्या, इवाई."

गेलेली प्रतिष्ठा अशा रीतीने परत आली. ट्रॅक्टरने किती डिझेल खाल्ले, ते कोणी विचारले नाही. ट्रॅक्टरला ॲव्हरेज विचारण्याची पद्धत नाही.

सुज्ञ वाचक हसले असतील. हसून झाल्यावर त्यांनी, कोणी ऐकत नसताना, एवढेच आठवून पाहावे की आपण चारचौघांत अभिमानाने सांगतो त्या साडेसोळात आपल्याला ओढून नेणाऱ्याचे किलोमीटर किती आहेत.